दिनकररावांनी वाटलेली वीज

दिनकरराव, तुमच्या शोकसभेत तुम्हाला मितभाषी म्हणाले.

तिसऱ्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसून मी हे ऐकत होतो. "कामाशी काम ठेवणारे, कधी कुणाशी वाद न घालणारे, वरिष्ठांच्या आज्ञेत राहणारे ओव्हाळ आपल्यातून निघून गेले." बोलणारे कोण, तर मोठे साहेब. त्याच साहेबांशी तुम्ही एकदा अडीच तास वाद घातला होता, तोही उभ्यानं, कारण त्यांनी तुम्हाला बसा म्हटलं नव्हतं. मग सभेत सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मी पाहत होतो. मला तुमचा फोटोही नीट बघता आला नाही, इतका मी त्या घड्याळाकडं बघत होतो.

आणि ओळख काय करून दिली? "आपल्या भांडार विभागातले जुने कर्मचारी." भांडार! म्हणजे ज्यांना तुम्ही ठाऊक नव्हता, त्या नव्या पोरांना वाटलं असेल, हा माणूस आयुष्यभर चिनीमातीचे इन्सुलेटर आणि तारेची भेंडोळी मोजत बसला होता. तुम्ही अभियंता होता. तुमच्या घरातला, तुमच्या वस्तीतला पहिला डिप्लोमा तुमचा. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या झाडून सगळ्या गिरण्यांना, कारखान्यांना, दूध केंद्रांना कुणाला किती वीज जाणार, हे ज्या टेबलावर ठरायचं त्या टेबलामागं तुम्ही बसत होता. त्या टेबलावरून तुम्हाला का उठवलं, हे सभेत कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. चहा आला, मी तो प्यायलो आणि ड्यूटीवर गेलो.

आज तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. आता बोलतो.

तुमची माझी पहिली गाठ भांडणातच पडली, आठवतंय का? मी दौंडच्या सबस्टेशनला नुकताच ऑपरेटर म्हणून लागलो होतो, तात्पुरता. वरवंडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला मी, मॅट्रिक कसाबसा पास. लॉगबुकात मी लिहिलं होतं, "लाइन साधारण दुपारी बंद पडली." तुम्ही पान माझ्यापुढं धरलंत.

"साधारण दुपार म्हंजी किती वाजता, कोळपे?"

"जेवायच्या टायमाला, साहेब."

"कुणाच्या जेवायच्या? तुमच्या का कलेक्टरच्या?"

मला राग आला. तुम्ही मला बाजूला बसवून त्या एका ओळीची तीन वाक्यं करून घेतलीत: किती वाजता, कोणती लाइन, कुणी बंद केली. वर म्हणालात, "जे घडलं ते लिहून ठेवलं नाही, तर उद्या जो मोठा, त्याच्या तोंडाप्रमाणं घडलं असं ठरतं." मी मनात म्हणालो, हा माणूस छळणार. छळलंतच. पण दोन वर्षांत मला असं लिहायला आलं की पुण्याहून रिपोर्ट परत येणं बंद झालं. कोळपे सोडून तुम्ही मला मारुतराव म्हणायला लागला, आणि ऑफिसबाहेर मी तुम्हाला दिनकरराव.

वीज कशी होते, हे मला पहिल्यांदा तुम्हीच नीट सांगितलंत. मी स्विच ओढायचो, पण पलीकडं काय आहे ते मला कुठं माहीत होतं. तुम्ही विचारलंत, "तुमचा आज्जा मेंढरं घेऊन कोकणात कुठल्या घाटानं उतरायचा?" मी सांगितलं. "तिथंच वर डोंगरात मोठं तळं बांधलंय. त्यातलं पाणी नळातनं खाली सोडतात, त्यावर चाक फिरतं. तुम्ही इथं स्विच लावला की तिथलं पाणी उतरतं, एवढं ध्यानात ठेवा." तेव्हापासून स्विच लावताना माझा हात जरा जड व्हायला लागला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. डोंगरातलं तळंच खाली गेलं, तिथं चाकाला पाणी कुठून मिळणार? रोज सकाळी पुण्याहून फोन यायचा, आज तुमच्या दोन तालुक्यांच्या वाट्याला एवढा लोड. वाटून घ्या. आणि वाटायचा कसा, तर करारावरून. प्रत्येक कारखान्याचा आपल्या खात्याशी करार होता, त्यात तो जास्तीत जास्त किती वीज घेणार याचा आकडा होता. हुकूम असा की त्या आकड्यावर सगळ्यांना सारखी कपात. ऐकायला किती सरळ! मलाही सरळच वाटला होता. दौंड स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात तुम्ही बाकड्यावर खडूनं आकडे मांडून माझे डोळे उघडलेत.

"ही पुठ्ठ्याची गिरणी. करार हजार किलोवॅटचा. पण हिनं आजवर पाचशेच्या वर वीज कधी ओढलेलीच नाही. शेठनं पुढं मोठी गिरणी काढायची म्हणून आकडा वाढवून ठेवला. आता तीस टक्के कपात केली की हिच्या वाट्याला किती?"

"सातशे."

"आणि लागते किती?"

"पाचशे." मी म्हणालो, "म्हंजी हिला कपात न्हाईच की."

"कपात नाहीच, वर दोनशे राखून. आता शिरूरचं दूध केंद्र. करार शंभराचा, वापर शंभराचा. त्यांनी खरं लिहिलं. त्यांना सत्तर. म्हणजे ज्यानं खरं लिहिलं त्याचंच यंत्र बंद पडणार."

हॉटेलवाल्यानं ओरडून बाकडं पुसायला लावलं. तुम्ही पुसलंत, पण दिवसभर गप्प होता. तेवढा एक दिवस तुम्ही मितभाषी होता म्हणायला माझी हरकत नाही.

शिरूरला काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण त्या दिवशी तुम्ही मला जीपमध्ये घालून नेलं होतं. दूध थंड करायचं यंत्र तीन तास बंद पडलं होतं. केंद्राच्या मॅनेजरनं सगळ्या कॅनमधलं दूध हुंगून बघितलं आणि मान हलवली. बायाबापड्यांनी आपापले कॅन उचलले आणि घोड नदीच्या कोरड्या पात्रात नेऊन उपडे केले. पाण्याचा थेंब नसलेल्या त्या नदीत पांढरे ओघळ वाळूत जिरताना मी बघत होतो. दुष्काळात, दिनकरराव! चाऱ्याची काडी नाही, विहिरींना तळ लागलेला, आणि दूध वाळूत.

हौसाबाई नावाची एक म्हातारी होती. एकच म्हैस तिची. जीपवर खात्याचं नाव बघून ती सरळ तुमच्या अंगावर आली.

"लायटीचं सायब तुमीच व्हय?"

"व्हय आजी."

"माझी म्हस दूध देती ती तुमच्या लायटीला इचारून देती व्हय? दोन कोसावनं पाणी आनून पाजलंय तिला. पोराच्या तोंडचं काढून इथं घातलं, ते नदीत वतायला?"

मॅनेजर तिला मागं ओढायला लागला. तुम्ही त्याला थांबवलंत. "बोलू द्या त्यांना. बरोबर बोलतायत." ती पुढं म्हणाली, "तिकडं दौंडाला गिरणीची चिमणी दिसभर धूर टाकती म्हणं. तिला कुटली लाईट हाय? तिला काय दुसरा देव हाय व्हय?"

परतीच्या वाटेवर न्हावरं गाव मागं पडल्यावर तुम्ही एकदम ड्रायव्हरला म्हणालात, जीप ऑफिसला घे, घरी नको. मूळ करार कपाटात होते, सगळे एकाच छापाचे, नाव आणि आकडा तेवढा शाईनं भरलेला. सह्या करताना कुणीच ते वाचले नव्हते, शेठनं नाही आणि आपल्या साहेबांनीही नाही. तुम्ही वाचलेत. चौदावं कलम बारीक अक्षरात होतं: टंचाईच्या काळात पुरवठ्याची वाटणी मागील बारा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर पाहून करण्यात येईल.

ते वाचून तुम्ही टेबलावर हात आपटलात. मी तुम्हाला नाचताना कधी पाहिलं नाही, पण त्या दिवशी जवळपास तेच.

आपला वाद तिथंच सुरू झाला, तो कधी संपलाच नाही. मी म्हणायचो, असले करार फाडून टाकावेत. मोठा आकडा लिहील त्याला जास्त पाणी, हा कुठला न्याय? त्या तळ्याखाली ज्यांची गावं बुडाली, त्यांच्याशी कुणी करार केला होता? आमच्या वरवंडला अंधार आहे, आमचा कुठं करार आहे? तुम्ही शांतपणे ऐकायचात आणि म्हणायचात, "मारुतराव, कागद फाडायची मुभा त्यांना आहे, आपल्याला नाही. आपण फाडला तर गुन्हा. आपण तो वाचायचा. आमच्या लोकांना जे काही मिळालं ते लिहिलेलं वाचून मिळालं." मी म्हणायचो, वाचणाऱ्याचं कोण ऐकतंय. तुम्ही म्हणायचात, ऐकावंच लागतं. दिनकरराव, यात मी बरोबर ठरलो. मला बरोबर ठरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बारा महिन्यांची मीटर रीडिंग मांडलीत आणि नवी यादी केलीत. गिरणीला तिच्या खऱ्या वापरावर कपात, दूध केंद्राला त्याच्या खऱ्या वापरावर कपात. सगळ्यांना सारखीच, पण खरी. मग सबस्टेशनला येऊन माझ्यासमोर लॉगबुकात तुमच्या हातानं हुकूम लिहिलात. चौदाव्या कलमाचा उल्लेख केलात, खाली सही, वेळ, तारीख. वेळ साधारण नव्हती, मिनिटासकट होती. मी स्विच ओढला.

अकरा दिवस तुमची यादी चालली. त्या अकरा दिवसांत शिरूरचं एक कॅन दूध परत गेलं नाही. तेलाच्या दोन घाण्या, एक लोखंडाचा कारखाना, सगळे दिवसाकाठी दोन-तीन तास जास्त चालले. वीज तेवढीच होती. वरून थेंबभर जास्त पाणी आलं नव्हतं. फक्त वाटणी बदलली होती.

आणि गिरणीनं काय केलं? तुमच्या लक्षात आलं की गिरणीचं मीटर अचानक चढायला लागलंय. कच्चा माल तर नव्हता. ऊस जळून गेलेला, चिपाडाची गाडी महिनाभर आत शिरलेली नव्हती. तुम्ही मला घेऊन तपासणीला गेलात. लगदा घोटायचे मोठे हौद असतात ना, ते सगळे चालू होते. मी वाकून पाहिलं. आत लगदा नव्हता, नुसतं पाणी होतं. विहिरीतून उपसलेलं स्वच्छ पाणी, आणि ते दिवसभर गरागरा घुसळत होते! वापर जास्त दिसावा, मीटरवर आकडा चढावा, म्हणजे वाटा परत मिळेल, एवढ्यासाठी. गिरणीच्या फाटकाबाहेर खडी फोडायला निघालेल्या बाया घागरभर पाण्यासाठी रांग लावून उभ्या होत्या.

तुम्ही मॅनेजरला विचारलंत, "यात माल कुठं आहे?"

"ट्रायल घेतोय, साहेब."

"किती दिवस?"

"ते शेठना विचारा."

"तुम्हाला विचारतोय. हे पाणी घुसळून काय तयार होतं?"

मॅनेजर हसला. "साहेब, आमचा करार हजाराचा आहे. आम्ही पाणी घुसळू नाही तर ताक घुसळू."

तिथं तुमचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. तुमचा पंचनामा लिहून झाला, माझी साक्षीदार म्हणून सही घेतलीत. मॅनेजरनं सही करायला नकार दिला, तेही तुम्ही लिहिलंत. वाटेत तुम्ही म्हणालात, "आता काही म्हणायची सोय राहिली नाही त्यांना." किती भाबडे होता हो तुम्ही, त्या एका बाबतीत!

तिसऱ्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब आले. त्यांच्या गाडीमागं शेठची गाडी. तुम्हाला आत बोलावलं, मी दारात होतो. तुम्ही कलम वाचून दाखवलंत. साहेब म्हणाले, कलमाचा अर्थ लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. तुम्ही म्हणालात, अर्थ लावला नाही, जसंच्या तसं वाचलं. पंचनामा पुढं केलात. तो त्यांनी उघडलाच नाही. अडीच तासांनी साहेब शेठकडं वळून हसत बोलले, आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून मरेपर्यंत जायचं नाही: "या लोकांना हल्ली कायदा फार कळायला लागलाय."

तुम्ही म्हणालात, "कळायला लागलाय, साहेब. म्हणूनच वाचून दाखवतोय."

त्याच दुपारी गिरणीला पूर्वीचा वाटा चालू झाला. स्विच मीच लावला. दुसऱ्या दिवशी सबस्टेशनचं लॉगबुक तपासणीसाठी म्हणून पुण्याला नेलं, ते परत आलं नाही. पंचनामाही गेला. आणि तुमच्यावर चौकशी लागली. खात्याच्या करारांचा भंग, वरिष्ठांना न विचारता तोंडी हुकूम देऊन ग्राहकाचं नुकसान. तोंडी! ज्यानं मला एका ओळीची तीन वाक्यं करायला लावली, त्या माणसावर तोंडी हुकूम दिल्याचा आरोप!

दिनकरराव, आता ते. सहा वर्षं मी जे बोललो नाही, ते.

चौकशीच्या आधी मोठ्या साहेबांनी मला पुण्याला बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. "ओव्हाळ यांनी मला तोंडी आदेश दिला. लेखी काहीही नव्हतं." मी म्हणालो, साहेब, लॉगबुकात लिहिलेलं होतं. ते म्हणाले, कुठंय लॉगबुक? टेबलावर दुसराही एक कागद होता, आम्हा तात्पुरत्या लोकांना कायम करण्याची यादी. माझं नाव त्यात होतं, आणि नावापुढं शिसपेनीनं एक बारीक प्रश्नचिन्ह. साहेबांनी खोडरबर उचललं आणि हातात नुसतं फिरवत राहिले. माझी पोरगी तेव्हा दोन महिन्यांची होती. ही सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. मी सही केली. त्यांनी प्रश्नचिन्ह माझ्यासमोर खोडलं.

चौकशीत मी तेच बोललो. तुम्ही चार हातांवर बसला होता. तुम्हाला विचारलं, साक्षीदाराला उलट काही विचारायचं आहे? तो तुमचा हक्क होता. एक प्रश्न पुरला असता. तुम्ही माझ्याकडं बघून "मारुतराव, खरं सांगा" एवढं म्हणाला असता तर मी तिथंच कोसळलो असतो. तुम्ही म्हणालात, "मला यांना काही विचारायचं नाही."

का नाही विचारलंत? अहो, सगळ्या जगाशी भांडलात, साहेबाशी, शेठशी, हॉटेलवाल्याशी, माझ्याशी तर रोज. आणि जिथं भांडायला हवं होतं तिथं मला सोडून दिलंत! मला तुमचा राग येतो. तुम्ही मला वाचवलंत असं लोक म्हणतील. मला तर वाटतं, तुम्ही मला कायमचं त्या साक्षीदाराच्या खुर्चीत बसवून ठेवलंत.

तुमच्या सर्व्हिस बुकात लाल शाईनं शेरा आला, "करारभंगाची प्रवृत्ती. जबाबदारीच्या पदास अयोग्य." बढती संपली. तुम्हाला दौंडच्या भांडारात टाकलं. अभियंत्याला! पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही वस्तूंची यादी करत बसायचात, आणि त्या याद्याही इतक्या चोख करायचात की मला बघवत नसे.

तीन वर्षांनी परिपत्रक आलं. टंचाईत औद्योगिक ग्राहकांना वीज वाटताना करारातला आकडा न धरता मागील बारा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर धरावा. तुमचीच यादी, तुमचीच पद्धत, शब्दसुद्धा जवळपास तुमचेच. खाली सही मोठ्या साहेबांची! मी ते घेऊन धावत भांडारात आलो. तुम्ही चष्मा लावून वाचलंत.

"बरोबर लिहिलंय," तुम्ही म्हणालात.

"बरोबर? अहो, चोरलंय त्यांनी! ज्याच्यापायी तुम्हाला इथं टाकलं, तेच!"

"आता शिरूरचं दूध नासायचं नाही ना? मग झालं."

"आन् तुमचं काय?"

"माझं चालूय की. अर्ज करतोय."

मी त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो, आठवतंय? इन्सुलेटरच्या पेटीला लाथ मारली. तुम्ही पेटी उघडून एकेक काढून बघितलं, फुटला तर नाही ना. मला वाटलं, हा माणूस थंड पडला. अर्जाचं तुम्ही बोललात, त्याकडं मी लक्षच दिलं नाही.

त्या साक्षीबद्दल आपण एकदाच बोलण्याच्या जवळ आलो होतो. चौफुल्याला एस.टी.ची वाट बघत उभे होतो, गाडीला उशीर होता. मी म्हणालो, "दिनकरराव, त्या वेळी मी..." तुम्ही विचारलंत, "पोरगी शाळेत जाती का?" मी म्हणालो, यंदा घातली. "अक्षर बघा तिचं. आत्ताच बघा, मग वळण लागत नाही." गाडी आली. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, का मलाच बोलायचं नव्हतं, ते आता तुम्हाला विचारता येत नाही.

भांडारात यादी करता करताच तुम्ही खाली बसलात म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी आलो तेव्हा तुमच्या खिशाला पेन तसंच होतं.

सातव्या दिवशी शिरूरला तुमच्या घरी पुण्यानुमोदनाला आलो. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून गेली. वस्तीतली माणसं तुमच्याबद्दल जे बोलली, ते खरं होतं. कुणी मितभाषी म्हणालं नाही. एक जण तर म्हणाला, दिनकर घरी आला की आम्ही रेडिओ बंद करायचो, उपयोगच नसायचा. सगळे हसले, वहिनीही. निघताना सिंधूवहिनींनी मला थांबवलं. त्यांच्या हातात एक फाइल होती.

"भाऊजी, ह्ये बघा. सात अर्ज केले त्यांनी. शेरा काढून टाका म्हणून. एकाचंबी उत्तर न्हाई."

मी वाचायला लागलो. प्रत्येक अर्जात चौदावं कलम होतं, लॉगबुक होतं, पंचनामा होता. माझं नाव कुठंच नव्हतं.

"दर वेळी मी म्हनायची, त्या कोळप्यानं खोटी साक्ष दिली त्ये लिवा. त्याबिगर कोन मानंल? तर म्हनायचे, त्याची नोकरी जाईल." वहिनींचा आवाज बिलकूल हलला नाही. "त्यांनी तुम्हाला माफ केलं असंल. मी न्हाई केलं. माझ्या लेकानं बापाच्या कागदावर ती लाल शाई वाचली. त्यो आठवडाभर बोलला न्हाई कुनाशी. आता तुमी काय करनार त्ये सांगा."

पण त्यांनी मला घरातून घालवलंही नाही, एवढं तुम्हाला कळवतो. आत गेल्या आणि कोरे कागद घेऊन आल्या.

सोमवारी मी पुण्याला जाऊन अर्ज दिला. माझी त्या वेळची साक्ष खोटी होती, हुकूम लेखी होता, माझ्यासमोर लिहिला होता, पंचनाम्यावर माझी सही होती. आवक खिडकीवरचा कारकून वाचून म्हणाला, "अहो, पण ते वारले ना? आता कशाला?"

"शिक्का मारा," मी म्हणालो.

"साहेबांना विचारून मारतो."

"विचारा. मी इथंच उभा आहे."

दुपारच्या सुट्टीनंतर साहेबांनी मला आत बोलावलं. आता ते आणखी मोठ्या खुर्चीवर आहेत. म्हणाले, "कोळपे, शोकसभेत मी त्यांच्याविषयी किती चांगलं बोललो, ऐकलंस ना? मग हे कशाला उकरतोस? खोटी साक्ष दिली असं स्वतः लिहून देतोयस. चौकशी तुझ्यावरच लागेल."

"लावा, साहेब."

"नोकरी जाईल."

मी म्हणालो, "ती जायचीच होती तर सहा वर्षांपूर्वीच जायला पाहिजे होती." आणि परत खिडकीशी येऊन उभा राहिलो. पाच वाजायला आले तेव्हा शिक्का मारला.

नोटीस काल आली. सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. मी ड्यूटीवरून रजा टाकली आणि आज सकाळीच शिरूरला तुमच्या घरी आलो. माझी बायको आणि पोरगीही बरोबर आल्यात. बायकोला मी रात्री सगळं सांगितलं, आणि सकाळी ती डबा बांधून माझ्याआधी स्टँडवर जाऊन उभी राहिली.

तुमचा मुलगा टेबलापाशी बसलाय. त्याच्यासमोर हा खुलासा लिहायला मला जड जातंय, पण वहिनींनी त्याला मुद्दाम बसवलंय. त्या म्हणतात, मनात लिवू नका, मोठ्यानं वाचत लिवा, त्याला ऐकू द्या.

मी पहिलं वाक्य वाचलं. "माझे वरिष्ठ अभियंता श्री. दिनकर ओव्हाळ यांनी दिलेला हुकूम लेखी होता, कराराप्रमाणे होता आणि बरोबर होता."

पोरगा मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "काका, परत वाचा."